दाक्षायणी बुडत नाही

डबल बेडची चादर, घरच्याच मागावरची.

शिशाचे आठ ठोकळे.

भाकरी, शेंगाचटणी, वर दही.

बसवेशच्या टकलावर आडवे निजवलेले चार केस.

हे सगळं एकाच सकाळी सोलापुरातल्या एका पोहण्याच्या तलावात उतरलं. भाकरी दाक्षायणीच्या पोटातून उतरली.

आज तळाशी जाऊन बसली, तरच पन्नाशीची दाक्षायणी रविवारी तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारणार होती. नाहीतर नवरा बसवेश खाली मासे बघणार आणि ती किनाऱ्यावर त्याच्या चपला राखणार.

बसवेश म्हणजे नुसती हाडं. कमरेला दोन ठोकळे बांधले, खाली गेला तो गेलाच. दाक्षायणीला सहा बांधले तरी ती फुगलेल्या पुरीसारखी वर.

"चरबी तरंगते, काकू," शिकवणारी राजनंदिनी म्हणाली. "पण तुमचा खरा घोळ छातीत हाय. हवा कोंडून धरताय. सोडा की."

"सोडली आन् परत आलीच न्हाय तर?"

"मग तोंडात हवेच्या टाकीची नळी कशाला दिलीय?"

दाक्षायणीला पटलं नाही. चादरींचा कारखाना चालवणाऱ्या बाईला वजन शिकवायचं? भिजलेली चादर दोघींना पिळवत नाही. राजनंदिनीची पाठ वळताच तिने पिशवीतली चादर काढली, भिजवली, कमरेला गुंडाळली आणि रुबाबात पायऱ्या उतरली.

काठावर मणभर वाटणारी चादर पाण्यात गेल्यावर पिसासारखी झाली. सुटली, पसरली, आणि दाक्षायणी मधोमध, रुखवतात मांडल्यासारखी.

"काकू, हे काय?"

नळी काढून ती म्हणाली, "वजन."

राजनंदिनीने चादर ओढून घेतली. दाक्षायणीने हिरमुसून नळी दातांत धरली आणि पाण्यात तोंड घातलं. खाली बसवेश पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून बसला होता. अन् रोज तेल लावून निजवलेले ते चार केस ताठ उभे राहून डुलत होते. अख्खा माणूस बुडाला, केस तेवढे तरंगले.

तिला हसू फुटलं. बुडबुडे भसाभस सुटले, छाती रिकामी झाली. पुन्हा हसली, पुन्हा रिकामी. पाणी डोक्यावरून वर निघून गेलं आणि बूड फरशीला टेकलं. तिने हात लांबवून नवऱ्याचे केस चापून बसवले. ते परत उभे राहिले.

राजनंदिनीने खाली येऊन अंगठा-बोट जुळवलं. पास.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात माणूस आणखी तरंगतो, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.