मुका केलेला सिनेमा

"आजे, आज मराठीच्या तासाला सरांनी सिनेमा दाखवला," असं नववीतली सुमेधा म्हणाली, तेव्हा चिमाबाईचे भाकरी थापणारे हात जागीच थांबले.

"कुठं?"

"वर्गातच. सरांनी जवळच्या कंपनीतून सिनेमाचं मशीन मागून आणलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आता दर शनिवारी दाखवणार."

"आन् दार?"

"लावलं होतं."

झालं! मराठीला अंधार कशाला लागतो? निम्मा वर्ग पोरांचा. "पुढल्या शनवारी मी सोता बघून येते. काय वंगाळ दिसलं, की शाळा बंद."

सुमेधाला मॅट्रिक व्हायचं होतं. ती रडली. तिची आई कस्तुरा चुलीशी गप्पच. सासूपुढं ती कधी बोललीच नव्हती.

शनिवारी चिमाबाई चिंचवडच्या शाळेत जाऊन वर्गाच्या दारातच बसली. "मास्तर, हे उघडं ऱ्हाईल."

"आजी, उजेडात चित्र दिसत नाही," नंदकिशोर सर म्हणाले. शेवटी वीतभर फटीवर भागलं.

पडद्यावर सून पाण्याची घागर घेऊन आली. सासू कमरेवर हात ठेवून उभी. तिचे ओठ हलले, अन् सरांनी आवाजच बंद केला.

"बघा! काय लपवताय मास्तर?"

"लपवत नाही, आजी. ही काय बोलत असेल, ते मुलांनी लिहायचं. ऐकलं तर नुसतं उतरवून काढतील."

घोंगड्या निघाल्या. मुलं लिहून झाल्यावर वाचू लागली. एका पोराच्या वहीतली सासू म्हणाली, "ये बाळ, दमलीस का?"

"ही सासू हाय का दवाखान्यातली नर्स?" चिमाबाई फिस्कारली. वर्ग हसला.

मग सुमेधा उठली. "घागर आणलीस का गाव बघून आलीस? अर्धं पाणी वाटेत कुणाला पाजलंस गं?"

वर्ग खदखदून हसला. चिमाबाईचे कान तापले. शब्द तिचेच होते, रोज नळावरून येणाऱ्या कस्तुरासाठीचे. दार लावून घरातलं हे चव्हाट्यावर आणतात व्हय?

"सासू अगदी खरी वाटते," सर म्हणाले. "आणि सून काय म्हणते?"

"काही नाही, सर." सुमेधाची मान खाली गेली. "ती बोलत नाही."

"खोटं!" चिमाबाईच्या तोंडून निघून गेलं. "तिचंबी तोंड हलत हुतं. मी बघितलं की."

"मग काय म्हणाली असेल, आजी?"

सारा वर्ग वळून बघू लागला. दुसऱ्याला टोचायला चिमाबाईला कधी शब्द कमी पडला नव्हता, पण सुनेच्या तोंडचा एक सुचेना. ती पदर झाडून उठली.

घरी येऊन तिनं कस्तुराच्या पाठीवर नजर रोखली. ही पाठमोरी असते, तेव्हा हिचे ओठ हलतात का?

"काय पुटपुटतीस?"

कस्तुरा वळली. आधी "काय न्हाई" म्हणाली. मग तिनं शाळेतून परतलेल्या पोरीकडं बघितलं. "आत्याबाई, सुमीची शाळा बंद करायची न्हाई."

चिमाबाईच्या मनात आलं, एवढी वर्षं हिनं आणखी काय काय पोटात ठेवलं असेल?

"करत न्हाई," ती गुरगुरली. "पर त्या मास्तरावर माझा डोळा हाय."

"ठेवा," कस्तुरा म्हणाली.