परतीच्या आलेखावरचा उंचवटा

गोदामात तिला सगळे आलेखबाई म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. कामच तसं होतं. औषधांच्या प्रत्येक गाडीत आगपेटीएवढं एक यंत्र बसवलेलं असे. ते दर दोन मिनिटांनी आतलं तापमान टिपायचं आणि तिच्या पडद्यावर रेघ पुढे सरकायची. दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही. रेघ जरा चढली की तिचा फोन कोकलायला लागायचा. "घरात मी तापले तर कुणाच्या फोनला कळत नाही," असं ती जेवणाच्या सुट्टीत म्हणायची आणि डबे उघडता उघडता सगळ्याजणी हसायच्या.

हे मागच्या वर्षीपर्यंतचं. मागच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दुपारी दोन वीसला सात नंबरच्या गाडीची रेघ आठच्या वर गेली आणि तब्बल पन्नास मिनिटं खाली आली नाही. गाडीत रक्त गोठवणारी इंजेक्शनं होती. ज्यांचं रक्त एकदा वाहायला लागलं की आपणहून थांबत नाही, अशा लोकांसाठीची. चालकाने अहवालात लिहिलं, ‘दाराचं रबर सैल, गार हवा गळत होती.’ तिने नियमाप्रमाणे आकडे कोष्टकात भरले. कोष्टकाने सांगितलं, चालेल. तिने सही केली.

नवव्या दिवशी हाच आजार असलेला, घड्याळं दुरुस्त करणारा पंचवीस वर्षांचा एक मुलगा सायकलवरून पडला. डोक्याला मार बसला. जवळच्या दवाखान्यात त्याला त्याच खोक्यातली दोन इंजेक्शनं दिली, पण आतला रक्तस्राव थांबला नाही. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. उरलेल्या बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या. औषध ठीक निघालं. तिला कुणी अवाक्षरानेही बोललं नाही. फाईल बंद झाली.

तिच्या डोक्यातली मात्र उघडीच राहिली. रेघेचा तो उंचवटा तिला कुठेही दिसायला लागला. चादरीच्या सुरकुतीत, समोरच्या घराच्या कौलांत. धाकटीला ताप आला तेव्हा ती तासातासाचे आकडे कागदावर मांडून रेघ ओढत बसली. नवऱ्याने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

शेवटचं खोकं उतरलं की यंत्रणा गाडी रिकामी धरते. फोन वाजत नाही, पुढची रेघ कुणी बघत नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात ती प्रत्येक रेघ गाडी फाटकात शिरेपर्यंत वाचायला लागली. त्याच आठवड्यात तिला ते दिसलं. सात नंबरची गाडी, गुरुवार, परतीचा प्रवास, दोन वीस. रेघ चढलेली. पन्नास मिनिटं.

तिने मागचा गुरुवार काढला. तिथेही होता. त्याच्या मागचाही. अकरा गुरुवारच्या रेघा तिने पडद्यावर एकावर एक ठेवल्या, त्या एकच असल्यासारख्या बसल्या. मग छातीवर दगड ठेवून तिने गेल्या वर्षीची रेघ त्यांच्यावर ठेवली. तीही बसली.

पुढच्या गुरुवारी ती त्या गाडीत जाऊन बसली.

चालक मागच्या वर्षीचेच, साठीला टेकलेले. सगळे त्यांना काका म्हणत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला रुमाल, कमी बोलणं.

"आज तुम्ही कशा, मॅडम?"

"तपासणी आहे, काका."

"करा की. वीस वर्षांत माझ्या गाडीत कुणी बसायला आलं नव्हतं."

सकाळभर ती खोकी मोजत होती आणि ते सह्या घेत होते. शेवटच्या दवाखान्यात रिकामे ट्रेसुद्धा उतरवले. परतीच्या रस्त्याला लागल्यावर काका सारखे घड्याळ बघू लागले. खडीच्या खाणीजवळचं वळण दिसलं तसा त्यांनी वेग कमी केला.

"मॅडम, इथून तुम्हाला बस मिळेल."

"मी गाडीतच बसणार आहे."

काकांनी आरशात पाहिलं. आणि मागून आवाज आला. ठक, ठक, ठक. जरा थांबून पुन्हा दोनदा. आतून कुणी हाताच्या बोटांनी पत्रा वाजवावा तसा.

"ट्रे हलले असतील," ती म्हणाली.

"ट्रे उतरवले ना. तुम्हीच मोजलेत."

काकांनी गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन कडी काढली, दोन्ही दारं उघडली. गार धूर जमिनीवर उतरला. आत पांढऱ्या भिंती, पांढरा दिवा आणि कुणीही नाही. काका दाराच्या कडेवर बसले. बाहेर आग ओतल्यासारखं ऊन आणि पाठीला गारवा. तीही शेजारी बसली.

"दार उघडलं की थांबतं," काका म्हणाले. "नाही थांबलो तर फाटकापर्यंत वाजत राहतं. एकदा मी नाही थांबलो. परत तशी हिंमत केली नाही."

"काका, मागच्या वर्षी इथे काय झालं होतं?"

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, मग तो रुमाल हातातच घट्ट धरून ठेवला.

"त्या दिवशी जायच्या वाटेवरच दुपार झाली होती, खोकी गाडीतच होती. बाई पडली होती रस्त्यात. खाणीवर कामाला असेल. दिवस भरत आलेले. उन्हाने डोळे पांढरे झाले होते हो तिचे. सावलीला झाड नाही. मी उचलून गाडीत निजवलं. आता पोटुशी बाईला आत कोंडून दार कसं लावायचं? दार उघडंच ठेवलं. एक मोटार थांबेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. तिला त्यांच्याबरोबर दिलं आणि मी निघालो. उशीर झाला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"नोकरी जाईल वाटलं. आणि खरं सांगू? अहवालात एक ओळीची जागा होती. मी एक ओळ लिहिली."

"आणि मी ती वाचली," ती म्हणाली. "तुम्हाला एक फोन केला नाही."

दोघं तसेच बसून राहिले. तीन दहाला काकांनी दारं लावली. गोदामापर्यंत मागून काही आवाज आला नाही, पण दोघांचेही कान तिकडेच लागलेले.

रविवारी सकाळी ते दोघं त्या मुलाच्या आईकडे गेले. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानाच्या काचेआड लोकांनी परत न नेलेली घड्याळं मांडलेली, प्रत्येकाला मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली. आईने पाणी दिलं, समोर बसली. काका बोलले, मग ती बोलली. सहीचंही सांगितलं. आई पुढ्यातल्या भांड्यावर नजर ठेवून ऐकत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटून गेलं.

शेवटी आईने काकांकडे पाहिलं.

"ती बाई वाचली का?"

काकांची मान खाली गेली. "माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही. पुढं हे असं झालं... मग धीरच झाला नाही."

"माझं लेकरू गेलं, आणि तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग ती पदराचं टोक पिळत राहिली. "शोधा तिला. मला कळलं पाहिजे."

सोमवारी दोघांनी लेखी जबाब दिले. फाईल पुन्हा उघडली. प्रयोगशाळेने या खेपेला ‘औषध ठीक’ असंही लिहिलं नाही आणि ‘बिघडलं’ असंही नाही. काकांकडून गाडी काढून घेतली. ते आता गोदामाच्या फलाटावर माल उतरवतात. तिचा सहीचा अधिकार सहा महिने गेला. चालकाशी बोलल्याशिवाय नुसत्या आकड्यांवर सही करायची नाही, असा नियम मात्र झाला. सात नंबरच्या नव्या चालकाला वाटेत काही ऐकू येत नाही. तिने दोनदा विचारून पाहिलं.

काका सुट्टीच्या दिवशी खाणीवर जातात, आजूबाजूच्या वस्त्यांतून, दवाखान्यांतून विचारत फिरतात. तिथली माणसं हंगामाला येतात आणि जातात. त्या बाईचं नाव कुणाला सांगता येत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आलेखबाईचा फोन वाजतो. पलीकडे त्या मुलाची आई असते. इकडचं तिकडचं काही नाही, एकच प्रश्न.

"सापडली का?"

"नाही अजून."

"बघा. शोधा." मागच्या वेळी आईने लगेच फोन ठेवला नाही. जरा थांबून म्हणाली, "पोर आता भिंत सोडून चालत असेल, नाही?"

"असेल," आलेखबाई म्हणाली.

"मुलगा असेल की मुलगी?"

आलेखबाईने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. पलीकडे आई उत्तराची वाट पाहत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.