एकेचाळिसावी नोंद

"चाळीस झाली. आता पुढची ओळ मी बघणार नाही हं बाबा," असं म्हणून सुनेने लॅपटॉपच्या पडद्यावर चक्क हात आडवा धरला. "उद्या माझी मुलाखत आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"अगं, पण तुझा विश्वास आहे का असल्या गोष्टींवर?"

"नाही. पण मुलाखत होईपर्यंत आहे."

दुपारी जेवताना तिनेच हा विषय काढला होता. इंटरनेटवर म्हणे एक शापित फाइल फिरते. तिच्यात जगात कुठेच नसलेल्या एकेचाळीस पुस्तकांची यादी आहे. पुसली तरी ती परत येते. आणि शेवटची ओळ वाचणाऱ्याला अक्षरं दिसेनाशी होतात. मी हसत होतो. मग तिने फाइलचं नाव सांगितलं, 'सराव-दोन', आणि माझा घास हातातच राहिला.

ती फाइल मी केली होती. म्हणजे, केली होती असं मला वाटतं. हल्ली माझ्या आठवणीची मलाच खात्री देता येत नाही.

मी ग्रंथालयात कारकून होतो. संगणक आला तेव्हा शिकवायला आलेला माणूस म्हणाला, "आधी खोट्या पुस्तकांवर हात बसवा, खरी नंतर भरा." ते काम माझ्याकडे आणि टाइपबाईंकडे आलं. टाइपबाई म्हणजे आमच्या टंकलेखिका. मला त्या 'वाळवीराव' म्हणत, कारण मी जेवणाच्या सुट्टीतही कुठलंतरी पुस्तक कुरतडत बसलेला असे. एक पुस्तक त्यांनी सुचवायचं, एक मी, असं आमचं ठरलं. सुरुवात त्यांनी केली, 'सावल्यांची निगा व दुरुस्ती'. मी घाबरत घाबरत म्हणालो, 'मांजरांचा पत्रव्यवहार, खंड तिसरा'. त्या इतक्या हसल्या की वाचनकक्षातून कुणीतरी शुक् केलं. चाळीसही पुस्तकांपुढे आम्ही शेरा लिहिला, 'गहाळ'.

"लोक म्हणतात, मांजरं म्हणजे कुठलीतरी गुप्त संघटना आहे," सून सांगत होती. "आणि पहिले दोन खंड जाळून टाकलेत."

"पहिले दोन आम्हाला सुचलेच नव्हते गं."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "बाबा, तुम्ही जेवल्यावर गोळी घेतलीत ना?"

"घेतली. आणि पुसलेली फाइल परत यायची, कारण दर सोमवारी कपाटातल्या प्रतीवरून सगळं नव्याने भरलं जाई. त्यात भूतबित काही नाही."

एवढं मी ठामपणे बोललो खरा, पण मनात गोंधळच होता. आम्ही आळीपाळीने सांगत होतो. पहिलं त्यांचं, म्हणजे चाळिसावं माझं. त्यावर आम्ही थांबलो होतो. मग हे एकेचाळिसावं आलं कुठून?

खरं तर सराव संपल्यावर ही फाइल पुसून टाकायची होती. पण आमच्याकडे पुस्तक बाद करायचं तर कागदावर दोघांच्या सह्या लागत. मी रीतसर कागद तयार केला, माझी सही केली आणि तो टाइपबाईंपुढे ठेवला.

"अहो वाळवीराव, नसलेली पुस्तकं बाद करायला कसली सही?"

"नोंद झाली म्हणजे पुस्तक झालं," मी म्हणालो.

"असं? मग मी नाही सही करणार. राहू देत बिचारी."

तो कागद तसाच राहिला. पुढे आमच्या यादीच्या प्रती दुसऱ्या शाखांना गेल्या. त्यांच्याबरोबर ही फाइलही गेली असणार.

त्याच सुमारास मी टाइपबाईंना दोन पानं वाचायला दिली होती. माझी स्वतःची. पुस्तक लिहायचं होतं मला. ते इतर कुणाला ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी त्यांनी पानं परत दिली, बोलल्या काहीच नाहीत. मी काय समजायचं ते समजलो आणि लिहिणं सोडलं. महिन्याभरात त्यांची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्या बराच वेळ संगणकापुढे बसून होत्या. मला वाटलं, कामं सोपवण्याची यादी करत असतील. दोन वर्षांनी त्यांच्या शाखेच्या पत्रावर दुसऱ्याच कुणाची तरी सही आली. मी चौकशी केली नाही. नंतर कळायचं ते कळलंच.

"हात काढ," मी सुनेला म्हणालो.

तिने हात काढला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

एकेचाळिसावी नोंद अशी होती: पुस्तकाचं नाव कोरं. लेखक, वाळवीराव. शेऱ्यात 'गहाळ' नव्हतं. 'यायचं आहे. जागा राखून ठेवावी.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. त्या नावाने मला दुसरं कुणी हाक मारत नसे. पण फाइल इतक्या हातांतून गेलेली. कुणी आमच्याच कार्यालयातला गमत्या नसेल कशावरून? किंवा मीच कधीतरी लिहून विसरलो असेन? तेव्हा त्या गप्प राहिल्या, त्याचा अर्थ मी इतकी वर्षं चुकीचा लावला की आत्ता चुकीचा लावतो आहे? विचारायला आता कोण आहे? मी चष्मा काढून पुसला. परत लावला. अक्षरं काही नीट दिसेनात.

"बाबा? दिसत नाहीये का तुम्हाला? बघा, म्हटलं नव्हतं!" सून चटकन वळली आणि माझ्या खांद्यावरून वाकून तिने ती ओळ वाचलीच. "हे वाळवीराव कोण?"

"होता एक कारकून."

"काढून टाकू का ही फाइल? घरात नको."

"नको."

"अहो, एक बटण दाबायचं फक्त."

"असं नाही चालत. पुस्तक बाद करायचं तर दोघांच्या सह्या लागतात."

"मग करा तुम्ही. दुसरी मी करते."

"तुझी चालायची नाही गं," मी म्हणालो. "आणि माझी मी मागे घेतोय."