मालनबाईंची विळी आणि चाटायचं बोट

शहाडच्या त्या शाळेच्या मैदानात गुरुवारी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. निंबूनाथ महाराजांनी चौथीतल्या शिवानीवरून लिंबू उतरवलं, कमरेची सुरी काढली आणि कचकन कापलं. लालभडक रस ठिबकला.

"अगं बाई, रक्त!" बायका किंचाळल्या.

"बाधा आहे, बाधा!" महाराज गरजले. "पोट दुखतं? निघतेय. पाठ केलेलं विसरते? निघतेय. जेवत नाही? अर्धी निघाली!"

"आणि पोरगी पार वाळली की सगळी निघाली म्हणायचं," शिवानीची आजी मालनबाई पुटपुटली.

सुनेनं, स्वप्नानं, कोपर मारलं. "आई, गप्प बसा ना. सगळे बघतायत."

मालनबाई गप्प बसली, पण तोंडानंच. डोळे चालू होते. शाळा दुसरीत सुटलेली, तरी भाजीवाल्याच्या तराजूतली खोट तिला पाठमोरं उभं राहूनही कळायची. लिंबं कुणाचीही चालत होती, सुरी मात्र महाराज कुणाच्या हाती देत नव्हते.

मैदानातल्या उंबराखालच्या दगडाला महाराजांनी आपल्याकडचा शेंदूर फासून त्याचा विद्यादेव केला होता. रोज सकाळी पोरांनी त्या शेंदराचा बोटानं कपाळाला टिळा लावायचा आणि बोटाला उरलेलं चाटायचं. देवाचं काही कपड्याला पुसायचं नाही, हे घरोघरी शिकवलेलं. मुख्याध्यापक सुदेश सर स्वतः रांग लावायचे.

मालनबाईनं नातीला दवाखान्यात नेलं. रक्त तपासून आलं तसा डॉक्टर योगिनीचा चेहरा उतरला.

"आजी, हिच्या रक्तात शिसं आहे."

"ते बॅटरीतलं?"

"तेच. काय घालतेस गं तोंडात?"

शिवानीनं शहाण्यासारखं कपाळाला बोट लावलं आणि चाटून दाखवलं. डॉक्टरांनी दगडावरचा शेंदूर तपासून घेतला. शिशानं भरलेला!

घरी स्वप्ना रडायला लागली. "पण आई, लिंबातनं रक्त आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. बाधा असताना डॉक्टर काय करणार? उद्या टिळा लावायला पाठवतेच तिला."

"पाठवून तर बघ!" मालनबाई कडाडली. पण तिला कळलं, लिंबू खोटं पडल्याशिवाय बोट थांबणार नाही. आपलंही नाही, दुसऱ्यांच्या पोरांचंही नाही.

पुढच्या गुरुवारी ती घरची विळी पिशवीत घालून निघाली. सोबत डॉक्टर.

महाराजांनी शिवानीवरून लिंबू उतरवलं मात्र, मालनबाईनं ते हातातून काढून घेतलं, फतकल मारली आणि विळीवर दोन फोडी केल्या. पांढरा रस.

"बाधा घाबरली वाटतं माझ्या विळीला!"

"विळी विटाळलेली आहे, माई!" महाराज फिस्कारले.

"असेल बाबा. मग हे घ्या, माझ्या पिशवीतलं लिंबू." तिनं ते महाराजांवरूनच तीनदा ओवाळलं. "आता कापा तुमच्या सोवळ्या सुरीनं."

"कापा, कापा!" पोरं ओरडली. महाराजांना सुटका नव्हती. लाल रस मनगटापर्यंत ओघळला.

"अगं बया, महाराजांनाच बाधा! का सुरीला?" मालनबाईनं विचारलं.

मैदान खदाखदा हसलं. डॉक्टर योगिनी पुढे आल्या. "सुरीला जास्वंदीचा रस चोळून वाळवलाय. लिंबाचा आंबटपणा लागला की तो लाल होतो. घरी करून बघा. पण खरी बाधा त्या दगडावर आहे. हा शेंदूर शिशाचा. शिसं पोरांच्या मेंदूवर जातं. पोट दुखतं, भूक मरते, शिकलेलं राहत नाही. आधी रोग चाटवला, मग त्यालाच बाधा म्हटलं. सगळ्या मुलांचं रक्त तपासायला हवं."

"खोटं! शेंदूर शुद्ध आहे!"

"मग चाटा की बोटभर," मालनबाई म्हणाली.

"आज माझा उपास आहे," म्हणत महाराज मागच्या फाटकाकडे सरकले. सुरी तिथंच राहिली.

सुदेश सरांनी मान खाली घालून दगडाभोवती दोरी बांधली. स्वप्नानं लेकीला नळावर नेलं आणि तिची बोटं साबणानं घासघास घासली.

बायांनो, देव मानायचा तर माना, तुमचा तुम्ही. पण पोराच्या तोंडात जाणारी वस्तू कशाची केलीय, हे विचारायला कुठल्याच देवाची मनाई नाही. शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, ते मंत्राला भीत नाही. पोर मलूल दिसलं तर लिंबू उतरवू नका, रक्त तपासा.

आणि लिंबू कापायचंच असेल, तर विळी आपली घ्या.