खंडेनवमीचा लाल दिवा

मित्रांनो, मी जुनी झाले आहे आणि पोटात तेलही फारसं उरलेलं नाही. म्हणून थांबत थांबत सांगते.

मी लालासाहेबांच्या जीपची कॉईल. बाहेरून पत्र्याचा डबा, आत तांब्याच्या तारांचं वेटोळं, त्याभोवती तेल. बॅटरीची थोडीशी वीज घ्यायची, ती मोठी करायची आणि प्लगपाशी ठिणगी पाडायची, हे माझं काम. या कामात मी तापते. तेल मला निववतं.

लालासाहेब कराडजवळचे, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. मला जीपमध्ये बसवलं सांगलीच्या चांदसाहेब मिस्त्रींनी. पस्तीस वर्षं माझी काळजीही त्यांनीच घेतली. आधी धूळ पुसायची, मग तेलाचा ओघळ आहे का ते बघायचं, तारा घट्ट करायच्या आणि शेवटी माझ्यावर तळहात ठेवायचा.

"ताप न्हाई पोरीला," ते म्हणत. "पर सुभेदार, इंजिन बंद तर चावी बंद. लाल दिवा लावून ठिवला, तर आतल्या आत शिजंल ही."

"आवं मिस्त्री, पन्नास येळा सांगितलं की!"

"मग एक्कावन्नाव्यांदा ऐका."

मला पोरगी म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

यंदा चांदसाहेबांनी अंथरूण धरलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचा, सबाचा, फोन आला. "काका, अब्बा म्हणत्यात, जीप घिऊन या. एकदा दारात आवाज ऐकायचा हाय. लवकर या."

"उद्या पूजा झाली की निघालोच."

लालासाहेबांच्या घरची रीत अशी, की पूजेच्या वेळी यंत्र जागं हवं. म्हणून चावी फिरवून जीपचा लाल दिवा लावतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि लगेच चावी बंद करतात. यंदा लालासाहेबांचं चित्त सांगलीत होतं. नारळ फुटला, नैवेद्य दाखवला, ते दोन घास खायला आत गेले. चावी तशीच राहिली. इंजिन फिरत नव्हतं, वीज मात्र माझ्यातून वाहतच होती. ठिणगी नाही, नुसता ताप. तेल उकळलं आणि झाकणाच्या कडेनं

थांबा. आठवलं तरी तापते.

कडेनं तेल बाहेर आलं. सुनेला, अपेक्षाला, वास गेला. "मामा, चावी!"

लालासाहेब उष्ट्या हातानंच धावले. सणाची दुकानं बंद, दुसरी कॉईल मिळेना.

"एसटीनं जावा की," अपेक्षा म्हणाली.

"त्यास्नी जीप ऐकायची हाय गं. एसटी न्हवं."

निवल्यावर मी सुरू झाले. निघालो.

पेठ नाका. बंद.

माझ्यावर ओलं फडकं. अर्धा तास.

इस्लामपूर. बंद. पुन्हा फडकं.

"चल गं बाई. तुज्या पाया पडतो."

आष्टा. बंद.

दोन तासांच्या वाटेला दिवस गेला. सांगलीत चांदसाहेबांच्या दारात जीप उभी राहिली, तेव्हा मी जराही अडखळत नव्हते. सबा बाहेर आली. तिच्या डोक्यावरचा पदर ओला होता.

"अब्बा गेले. तास झाला, काका. दुपारधरनं गल्लीत गाडी आली की कान द्यायचे. 'ही न्हवं' म्हणायचे."

लालासाहेबांचा हात चावीकडे गेला.

"नका," सबा म्हणाली. "राहू द्या थोडं. खिडकी उघडी हाय."

मी चालत राहिले. आत तारा एकमेकींना चिकटत होत्या, मला कळत होतं. जमेल तितकं चालले आणि मग

दुसऱ्या दिवशी नवी कॉईल आली. मी आता खोपीतल्या फळीवर असते.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर इंजिन थांबताच चावी काढा. मन दुसरीकडे असेल त्या दिवशी तर आठवणीनं काढा. विसरायला होतं ते त्याच दिवशी, आणि त्याच दिवशी कुणीतरी वाट बघत असतं.