दादा नको म्हणाला ती बोट

काटेवालीच्या तोंडाच्या आणि तिच्या काट्याच्या नादी बंदरावर कोणी लागत नसे. लिलावाच्या शेडमध्ये ती बारा वर्षं मासळीचं वजन करत होती. पेटीत तळाला बर्फ आणि वर चार मासे घालून आणणाऱ्या भल्याभल्यांना तिने चारचौघांत उघडं पाडलं होतं. पण जगाशी भांडून जे काही उरायचं ते ती एका माणसासाठी राखून ठेवायची, आणि तो माणूस म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

भाऊ तांडेल होता, बोटीचा कप्तान. स्वतःची मोठी बोट, हाताखाली सहा खलाशी, आणि त्या सहांतला एक म्हणजे काटेवालीचा नवरा. नवऱ्याला सगळं बंदर मौनी म्हणायचं. विचारलं तर बोलणार, नाहीतर दिवसभर मूग गिळून बसणार. बोट धक्क्याला लागली की मासळीच्या आधी शेडमध्ये दादाचा आवाज पोचायचा. "अरे, दोर ओढ! ओढ म्हणतोय ना! पाहुणे, झोप झाली का?" लोक दात काढायचे. काट्यापाशी उभ्या असलेल्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बारा वर्षं रोज हेच! कोणता भाऊ आपल्या बहिणीच्या नवऱ्याला असा गुरासारखा हाकतो?

म्हणून तिने ठरवलं होतं, आपली बोट घ्यायची. जुनी असो, लहान असो, पण खोल समुद्रात दोन-तीन दिवस टिकेल आणि आपल्या खिशाला झेपेल अशी. नवऱ्याला दादाच्या हाताखालून सोडवायचं. यापलीकडे तिला काही नको होतं.

आता पंचाईत अशी की जुनी बोट बघून घेण्याची अक्कल घरात एकालाच होती, आणि तो होता दादाच. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिने त्याला सांगितलंसुद्धा हे, अगदी याच शब्दांत. दादा म्हणाला, "गाढव येतंय. किती वाजता निघायचं तेवढं बोल."

पहिली बोट एका दलालाकडे होती. नवा कोरा निळा रंग, आत गादी, चहा ठेवायला फळीसुद्धा. दादाने गादीकडे बघितलं नाही. मागच्या बाजूला, जिथे इंजिनाचा सगळा भार येतो, तिथे त्याने हातोडीच्या दांड्याने ठोकलं. टण्, टण्, टण्, आणि मग एकदम डब्ब. पुन्हा डब्ब. "आतलं लाकूड कुजलंय," तो म्हणाला. "वरून फायबर, आत लगदा. पाहुणे, अंगठा लावून बघा." मौनीने अंगठा दाबला आणि रंग आत गेला. दलाल सारवासारव करायला लागला, तशी काटेवालीने त्याची अशी काही पूजा बांधली की शेजारच्या गोदामातले हमाल काम टाकून बघायला आले. पण घरी येताना तिला दादाचाच राग आला. त्याचं बरोबर निघालं, याचा.

दुसरी बोट एका शाळेच्या मास्तरांची होती. हौसेने घेतलेली, वर्षातून चारदा पाण्यात गेलेली. दादा तिच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "पोट अरुंद आहे. तळ्यात फिरवायला ठीक. बाहेरच्या लाटेत डुलेल, माणूस जाळं ओढेल की कठडा धरेल?" मास्तरांचा चेहरा उतरला. काटेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फडक्याने हात पुसत होता.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"दादा म्हणतात तर असेल," मौनी म्हणाला.

त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. दादाला ही बोट नको आहे की आपण बोट घेतलेलीच नको आहे? बारा वर्षांचा राबता माणूस, ना सुट्टी मागणार ना उलट बोलणार, असा खलाशी कोण हातचा घालवेल? चोराला चावी देऊन आपणच तिजोरी दाखवत फिरतोय!

म्हणून तिसऱ्या बोटीच्या वेळी तिने दादाला न सांगता बोटीच्या कारखान्यातला एक मिस्त्री आधी पाठवला. मिस्त्री दोन तास घासून-पुसून बघून आला. इंजिन थंड असताना सुरू करून पाहिलं, पहिल्या झटक्यात लागलं. तळ ठोकून पाहिला, आवाज सगळीकडे सारखा. रुंदी भरपूर, डिझेलची टाकी मोठी, बर्फाची पेटी कोरडी. मालक म्हातारा, गुडघे गेले म्हणून विकतोय. "ताई, डोळे मिटून घ्या," मिस्त्री म्हणाला. "या किमतीत पुन्हा मिळायची नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीसकट सगळे त्या बोटीपाशी जमले. बोट किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती, बाजूला शिडी. आजूबाजूला आणखी दहा-बारा बोटी, खरवडणारे, रंगवणारे, वेल्डिंगवाले. दादाने हातोडी फिरवली, शिडीवरून वर गेला, खाली आला. तोंडावरची माशी हलली नाही.

"नको," तो म्हणाला.

"का?"

"तळात पाणी मुरलंय."

"कुठे?" काटेवाली पुढे झाली. "कुठे मुरलंय? हात ठेव. मिस्त्री, या इकडे! या काल बोट बघून गेलेल्या माणसासमोर दाखव पाणी कुठे मुरलंय ते!"

मिस्त्री बिचारा मध्ये सापडला. तांडेलाशी वैर कोण घेणार? पण खोटंही बोलवेना. "तळ कोरडा आहे, तांडेल," तो हळूच म्हणाला. "मी सगळा ठोकलाय."

मग काय विचारता! बारा वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. खरवडणाऱ्यांनी खरवडणं थांबवलं. "लाज वाटत नाही? सख्ख्या बहिणीच्या ताटात माती कालवतोस? तुला खलाशी नकोय, तुला गुलाम हवाय! चारचौघांत पाहुणे पाहुणे म्हणून त्याची लाज काढतोस, आणि तो जायला निघाला की पाय ओढतोस! आईने तुझ्या ऐवजी दगड जन्माला घातला असता तर निदान नांगर म्हणून तरी उपयोगी पडला असता!"

दादा ऐकून घेत होता. असं ऐकून घेणारा माणूस नव्हता तो, एरवी एकाला दोन सुनावली असती. तो तिच्याकडे बघतही नव्हता. तो मौनीकडे बघत होता.

"सांगतोस की मी सांगू?" तो म्हणाला. या वेळी पाहुणे म्हटलं नाही.

मौनी खाली बघत पायाने वाळू उकरायला लागला.

"काय सांगायचंय?" काटेवाली म्हणाली.

"बोट चांगली आहे," दादा म्हणाला. "मास्तरांचीही वाईट नव्हती. पहिली तेवढी खरी कुजलेली. हा माझ्याकडे आला होता. म्हणाला, दादा, तुम्ही नको म्हणा. मला तिच्यापुढे नको म्हणवत नाही."

काटेवालीला वाटलं दादा थापा मारतोय. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो आता तरी नाही म्हणेल म्हणून वाट पाहिली. तो नाही म्हणाला नाही.

"सुकाणू धरता येतं मला," मौनी शेवटी म्हणाला. "इंजिन येतं, जाळं येतं. मागं कधी फिरायचं ते कळत नाही."

"म्हणजे?"

उत्तर दादाने दिलं. सहा वर्षांपूर्वी दादाला बोटीवर ताप भरला होता. भर दुपारी सुकाणू मौनीकडे देऊन तो आत आडवा झाला. वारा वाढला, लाटा वाढल्या, खलाशी ओरडायला लागले, आणि मौनी बोट सरळ पुढे नेत राहिला. कारण फिर असं कोणी सांगितलं नव्हतं. दादाला जाग आली ती पाठीखाली पाणी आलं तेव्हा. "पाच घरं उघडी पडली असती त्या दिवशी, आणि सहावं तुझं," दादा म्हणाला. "दुसऱ्या तांडेलाने धक्क्याला लागल्याबरोबर उतरवला असता याला. मी ठेवला. आणि हो, ओरडतो. ओरडलो नाही तर हा दोर हातात घेऊन उभा राहतो."

काटेवालीला भावाला लावलेले बोल आठवले. माफी मागायला हवी होती. पण त्या घराण्यात ते कोणाला येत नव्हतं. म्हणून ती नवऱ्यावर उलटली.

"बारा वर्षं मी तुझ्यासाठी याच्याशी भांडतेय. सण ना वार, रोज भांडतेय. आणि तू समोर बसून ऐकत राहिलास? एकदासुद्धा तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

मौनीने पहिल्यांदा वर पाहिलं.

"तू त्याच्याशी भांडायचीस," तो म्हणाला. "तेवढा वेळ माझ्याशी नाही भांडायचीस."

मिस्त्रीने तोंड फिरवलं. म्हातारा मालक लांबून लंगडत आला. त्याला यातलं काही कळलं नव्हतं. "ताई, घेताय की नाही? उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"नको घेऊस," दादा म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चिडका सूर नव्हता. "राहू दे त्याला माझ्याकडे."

हेच ते वाक्य. हे नसतं बोलला तर ती कदाचित घरी गेली असती.

"घेते!" ती म्हणाली. "तांडेल पगारी ठेवीन. हवा तेवढा खमका मिळतो. आणि तू," ती नवऱ्याकडे वळली, "तू उद्यापासून दादाच्या बोटीवर जायचं नाहीस. या बोटीवर यायचंस. इंजिन सांभाळायचंस."

दादा कडवट हसला. "म्हणजे मालक तेवढा बदलला त्याचा."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मौनी शिडीपाशी जाऊन थांबला होता.

"विचारतेस की सांगतेस?" त्याने विचारलं.

विचारते, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण तो तिच्याकडे असा बघत होता, दादा दोर ओढ म्हणण्याआधी तो दादाकडे जसा बघत असेल तसा, आणि तिला कळलं की विचारलं तर तो तिथेच उभा राहील, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत.

"सांगते," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," मौनी म्हणाला, आणि शिडी चढून इंजिन बघायला वर गेला.