माझ्या देठाला धरलेलं पिल्लू

मी एक फार फार जुना, दगड झालेला समुद्रजीव आहे. मित्रांनो, मला फूल म्हणू नका. मला देठ होता, पाकळ्यांसारखे हात होते, पण तोंडही होतं आणि भूकही लागायची. तारामासा आमच्या दूरच्या नात्यातला. आमचं घराणं मात्र केव्हाच संपलं.

माझ्या देठाला आमच्याच जातीचं एक पिल्लू घट्ट धरून असायचं. पाणी हललं की आम्ही दोघंही हलायचो. एके दिवशी गाळाचा लोंढा आला आणि आम्ही होतो तसेच गाडले गेलो. अंधारात किती काळ गेला कोण जाणे, पण ते सोबत होतं, म्हणून मला कधी एकटं वाटलं नाही.

मग समुद्राच्या जागी वाळवंटातल्या अलनीफ गावाचे उघडे डोंगर आले आणि माझ्यासारखे दगड खणून विकणारा बासू कुदळ घेऊन आला. त्याने मला घरी नेलं. महिनाभर अंगणात बसून त्याने सुईने माझा एकेक हात मोकळा केला. इतकं जपून मला कुणी हाताळलं नव्हतं. शेवटी तो देठावरचा फुगवटा खरवडू लागला. मला ओरडावंसं वाटलं, पण दगडाला आवाज कुठला?

त्याची बायको इत्तो पुदिन्याचा चहा घेऊन आली आणि थबकली.

"बासू, थांब. ते पिल्लू आहे रे."

"दगडाची खपली आहे ती."

"चष्मा कपाळावर ठेवलास तर खपलीच दिसणार. बघ, इवलेसे हात. आपली तूदा अशीच माझ्या शालीला धरून चालायची."

तोवर पिल्लाचे दोन हातच उरले होते, बाकीचं भुकटी होऊन अंगणात पडलं होतं. बासूने चष्मा खाली ओढला आणि त्या दोन हातांवरून हलकेच बोट फिरवलं. तूदाला दूर अगादीर शहरात जाऊन चार वर्षं झाली होती. मग तो म्हणाला, डिंकात दगडाचा चुरा कालवून हुबेहूब पिल्लू करतो आणि चिकटवतो, व्यापाऱ्याला कळणारही नाही. गावात मोडलेले दगड सगळे असेच जोडतात.

"त्याला नाही कळणार," इत्तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "याला कळेल."

त्या दिवशी तिने अंगण झाडलं नाही. पिल्लाची भुकटी चिमटीने वेचून चहाच्या पेल्यात भरली. बासूने मला विकलं नाही. मी त्यांच्या खिडकीत असतो आणि तो पेला माझ्या देठाला टेकलेला असतो.

मित्रांनो, काहीही खरवडण्याआधी जरा जवळ नेऊन बघा, त्याला कुणी धरलेलं तर नाही ना. मला पिल्लाची फार आठवण येते. खिडकीतून वारा आला की पेल्यातली भुकटी जराशी हलते. मला मात्र तिच्याबरोबर हलता येत नाही.